व्हॅनमध्ये नेट हवंय? आधी छताकडे बघा

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला कॅम्पर व्हॅनने निघालात, दुपारी ऑफिसची मीटिंग आहे, आणि डोंगराआड गेल्यावर रेंज गुल! मग काय घ्यायचं?

एक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं. एक रुसलं तर दुसरं हाताशी.

दोन, 12 व्होल्टवर चालणारा आणि बाहेरून अँटेना जोडता येणारा फोरजी राउटर. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून अँटेना छतावरच. राउटरला बँड 5 आणि 8, म्हणजे 850 आणि 900 मेगाहर्ट्झ, चालतात ना, ते बघून घ्या. कमी फ्रिक्वेन्सी लांबवर पोचते.

सिग्नल बूस्टर मात्र नको. परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे.

आणि टॉवरच पोचत नसेल, तर महागडा राउटरही काही करू शकत नाही. मीटिंगआधी गाडी उंचावर, मोकळ्यावर लावा!