श्वास घेणारी चिप

१९९३ साली अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेपटायटिस बीवरच्या फियालुरिडिन या औषधाची चाचणी चालू होती. प्राण्यांना ते बाधलं नव्हतं. पण पंधरा रुग्णांपैकी सात जणांची यकृतं निकामी झाली. पाच दगावले, दोघं यकृत बदलल्यामुळे बचावले. कारण पुढे उमगलं: माणसाच्या पेशींमधल्या तंतुकणिकांत शिरायला या औषधाला वाट मिळते, उंदराच्या पेशींत ती नसते. बिचाऱ्या उंदराचा निर्वाळा उंदरापुरता खराच होता.

मग माणसाच्याच पेशींना विचारलं तर? बशीत निपचित पडलेल्या पेशी अर्धवट उत्तर देतात. हार्वर्डच्या व्हीस इन्स्टिट्यूटमधल्या डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली त्यांना हलतं घर दिलं. ही चिप म्हणजे पेन ड्राइव्हएवढा पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा, त्यात एकीवर एक अशा दोन बारीक वाहिन्या आणि मधे १० मायक्रॉन जाडीचा सच्छिद्र पडदा. वर वायुकोशाच्या पेशी आणि हवा. खाली केशवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. दोन्ही अंगांच्या पोकळ कप्प्यांतली हवा ओढली की पडदा ताणतो, सोडली की सैलावतो. फुप्फुसाचा तेवढाच एक कोपरा, पण श्वास घेणारा.

त्याचा उपयोग २०१२ साली दिसला. इंटरल्युकिन-२ या कॅन्सरवरच्या औषधानं काहींच्या फुप्फुसात पाणी होतं. हे औषध खालच्या वाहिनीत सोडल्यावर वरच्या वाहिनीत द्रव झिरपू लागला आणि चार दिवसांत ती भरली. पडदा हलता असला की गळती कितीतरी जास्त. श्वासाची हालचालच दुखणं वाढवत होती!

२०२२ साली याच धर्तीच्या, यकृताच्या पेशी असलेल्या ८७० चिपांवर २७ औषधं तपासली गेली. यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के पकडली गेली, निर्धोक औषधांवर खोटा आळ एकदाही आला नाही. अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीचाच, हे मात्र ध्यानात ठेवावं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेनं औषध-कायद्यातली प्राणीचाचणीची सक्ती काढली; मार्च २०२३ मध्ये भारतानंही नियम बदलून अशा पद्धतींना वाट दिली.

अडचणी उरतातच. काही विषं चढायला आठवडे लागतात, आणि चिपमधल्या पेशी तितके दिवस ठणठणीत ठेवणं सोपं नाही. शिवाय हे सिलिकॉन पाण्यात न विरघळणारी बरीच औषधं स्वतःच पिऊन टाकतं. मग पेशींपर्यंत मात्रा किती पोचली, याचाच हिशेब लागत नाही. म्हणून काही प्रयोगशाळा आता दुसऱ्या प्लास्टिककडे वळल्या आहेत.