टोई पोपट झाडावरच बरा. पिंजऱ्यात ठेवाल तर गुन्हा

इंदूर : लालबाग राजवाड्याच्या जुन्या झाडांवर संध्याकाळी जो कलकलाट चालतो, तो नेहमीच्या कंठवाल्या राघूंचा. त्याच्याच कुळातला टोई पोपट (इंदूरकडे टुइया) अंगाने लहान आणि शहरात क्वचित दिसणारा. त्याला पानझडी जंगल आणि जवळ शेतं लागतात, मग ते माळव्यातलं असो की सातपुड्यातलं.

नराचं डोकं पिकल्या जांभळासारखं लालसर-जांभळं, गळ्यात काळी रेघ, खांद्यावर तांबडा ठिपका. मादीचं डोकं करडं-निळसर, गळ्याभोवती पिवळट पट्टा. शेपटी धरून लांबी ३३ ते ३६ सेंमी, पण त्यात शेपटीच जास्त. उडताना प्रश्न विचारल्यासारखं 'टुई? टुई?' ओरडतो, त्यावरूनच नाव पडलं. रानफळं, धान्य, फुलांच्या पाकळ्या खातो. ज्वारीच्या शेतात उतरला तर शेतकऱ्याचं नुकसानही करतो, हे मान्य करायला हवं.

साधारण डिसेंबर ते एप्रिल झाडाच्या ढोलीत ४ ते ६ पांढरी अंडी घालतो. चोरटे हात घालतात ते याच दिवसांत. पिल्लांचं डोकं हिरवटच असतं, नराला पुरता रंग चढायला दोनेक वर्षं जातात. म्हणून 'साधा पोपट आहे' असं सांगून टोईचं पिल्लू सहज खपवलं जातं. पण साधा राघू तरी कुठे चालतो? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हाच. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मध्य प्रदेश असो की महाराष्ट्र, कायदा एकच.

घरात आधीच असेल, तर 'पुण्य' म्हणून गच्चीवरून सोडू नका. पंख कापलेला, आयतं खाल्लेला पक्षी मांजर नाहीतर घारीच्या तोंडी जातो. वन विभागाला कळवून त्यांच्या ताब्यात द्यावा.

पोपट पाळायचाच असेल तर ऑस्ट्रेलियाचा बजरीगर आहे. १८४० मध्ये जॉन गूल्ड यांनी तो इंग्लंडला नेला, आता तो पिंजऱ्यातच पैदा होतो. लांबी जेमतेम १८ सेंमी. थव्यात राहणारा पक्षी, त्यामुळे जोडीनेच ठेवा. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा, पंख पसरून उडता यावं इतका. गज जवळजवळ, नाहीतर डोकं अडकतं. दुकानदार नुसती राळ देतात, तेवढ्यावर तो लठ्ठ होऊन लवकर मरतो. रोज पालक, कोथिंबीर, किसलेलं गाजर द्या. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो कधीच नको. मे महिन्यात पाणी दिवसातून दोनदा बदला, कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका. पिंजरा स्वयंपाकघरात तर ठेवूच नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारा धूर आपल्याला जाणवत नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावतो.