दुधी काच स्क्रीनवर उतरवताना

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत हल्ली पाया खणण्याआधीच घरचे थ्रीडी मागतात. हॉल, किचन, जिना भराभर होतात. वेळ खातं ते बाथरूममधलं दुधी काचेचं पार्टिशन.

असंच एक काम गावातल्या घराचं होतं. कोपऱ्यात ३ फूट बाय ३ फूट जागा, समोर काच. मुलाला आणि सुनेला डिझाइन पसंत होतं. आजींनी मात्र नेमकं विचारलं, "बाहेरून काही दिसंल का रे बाळा?" ऑर्डर द्यायची ती चित्र बघूनच, तेव्हा चित्रानं खरं उत्तर द्यायला हवं.

स्केचअपमध्ये काचेला पांढरट रंग देऊन ओपॅसिटी कमी केली, की काम झाल्यासारखं वाटतं. पण मागचा नळ फिकट होतो, त्याच्या कडा तशाच ठसठशीत राहतात. दुधी काचेची एक बाजू आम्लानं किंवा वाळूच्या माऱ्यानं खरबरीत केलेली असते आणि तिच्यावर प्रकाश विखुरतो. त्यामुळे काचेला टेकवलेला पंजा ओळखू येतो. दोन फूट मागे उभा असलेला माणूस नुसता पुसट रंग होऊन जातो.

हा फरक दिसावा म्हणून मॉडेल मी ब्लेंडरमध्ये नेतो. काचेला खरी १० मिलिमीटर जाडी, ट्रान्समिशन १, अपवर्तनांक १.५. मग दोन बाजूंना वेगळी मटेरियल्स: आत रफनेस शून्य, बाहेर ०.४ च्या आसपास. काचेतल्या लोहामुळे कड हिरवट दिसते, तेवढी झाकही देतो.

खरबरीत बाजू बाहेर ठेवायला कारण आहे. ती आत घेतली तर पाणी तिच्या खळग्यांत भरतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे हवेपेक्षा काचेच्या बराच जवळचा. त्यामुळे प्रकाश कमी विखुरतो आणि ओल्या जागी आरपार दिसू लागतं. बोअरच्या जड पाण्याचे क्षारही तिथं चिकटून बसतात. आजींना दोन्ही रेंडर शेजारीशेजारी दाखवले. ओल्या काचेचा पट्टा बघताच त्यांनी निकाल दिला, "खरबरीत बाजू बाहेरच ठेव."

हे आधीच ठरावं लागतं, कारण काच टफन असते. भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून ती हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. त्यानंतर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. २ फूट बाय साडेसहा फुटांचं असं दार ३० किलोच्या आसपास भरतं, म्हणून बिजागरीमागे भक्कम भिंत लागते.

तेव्हा थ्रीडी बघताना टाइल्सच्या रंगावर थांबू नका. खरबरीत बाजू कोणती, बिजागरी कुठे, दार कुणीकडे उघडणार, हे विचारून घ्या. काच भट्टीतून निघाल्यावर माप चुकल्याचं कळलं, तर नवी काच घेण्यावाचून इलाज नाही.