राणीछाप आणि कैसरछाप

तुमसरच्या सराफाच्या पेढीवर एखाद्या आजीच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया आला, की पोक्त सराफ प्रथम तो फरशीवर आपटून त्याचा नाद ऐकतो, मग कडा न्याहाळतो आणि अखेरीस, जणू शिष्टाचार म्हणून, व्हिक्टोरियाच्या मुखाकडे दृष्टी टाकतो. बारा भागांत अकरा भाग चांदीचा हा तोळाभर रुपया आणि १९४० पासून निघालेला सहाव्या जॉर्जचा निम्म्या चांदीचा रुपया यांतला भेद ज्याला कळतो, त्याला रोमन चांदीची कथा परकी वाटू नये.

रोमन सम्राट ऑगस्टसच्या अमदानीतील देनारियस या चांदीच्या नाण्याचे वजन सुमारे ३.९ ग्रॅम, म्हणजे तोळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. परंतु तेवढ्याशा चकतीवर दरबाराने आपली सारी वंशावळ चढवली होती. एका बाजूस सम्राटाचे मस्तक व त्याभोवती बिरुदे. दुसरीकडे, त्याच्या एका अतिप्रसिद्ध प्रकारात, मध्ये ढाली-भाले ठेवून उभे असलेले गायस व लुसियस हे दत्तक वारस. (दोघेही बापाच्या आधीच वारले, हा भाग निराळा.) टायबेरियसच्या नाण्यावर हाती फांदी घेतलेली आसनस्थ स्त्री आहे, आणि राजा देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र असल्याची ग्वाही अक्षरे देतात.

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत हेच दोन प्रकार विपुल आहेत. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने नाण्याचे वजन व कस दोन्ही उतरवले; तेव्हा लॅटिनचे अक्षर न कळणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यानेही कोणते मुख चोख आणि कोणते हिणकस, हे ओळखण्यात चूक केलेली दिसत नाही. सम्राटाची भीड मात्र कोणी बाळगली नाही : पुदुकोट्टईस १८९८ साली सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे.

येथील राजांनी मात्र मुखाचे मोल निराळे जाणले. तुमसरहून वैनगंगेच्या ओघाने खाली गेले की पवनी लागते, जिथे शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी १९६९-७० मध्ये स्तूप उजेडात आणला आणि जिथल्या एका स्तंभलेखात महाक्षत्रप कुमार रुपिअम्माचे नाव आहे. क्षत्रपांपैकीच नहपान; यवन राजांच्या चालीवर त्याने चांदीच्या नाण्यावर आपले मस्तक उमटवले व भोवती प्राकृत नाव ग्रीक लिपीत कोरवले. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केल्यावर ही नाणी वितळवण्याची तसदीही घेतली नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीस १९०६ साली तेरा हजारांवर नाण्यांचा साठा निघाला, त्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याने आपला डोंगर व उज्जयिनी चिन्ह यांचा ठसा ठोकलेला आहे; आणि पुढे सातवाहनांनीही स्वतःची मुखे चांदीवर उमटवलीच. घाईत मारलेल्या त्या ठशांतल्या एखाद्यावर, डोंगराच्या कमानींआडून, नहपानाचे नाक अजून स्पष्ट दिसते.