मेणबत्तीची वात

मेणबत्तीची वात : मेणबत्तीच्या मध्यातून जाणारा, बहुधा कापसाच्या सुताचा विणलेला बारीक दोर. ज्योतीच्या उष्णतेने वितळलेले मेण शोषून ज्योतीपर्यंत पोहोचविणे आणि मेणाची पातळी खाली जाईल त्या प्रमाणात स्वतः जळून आखूड होत जाणे, ही तिची दोन कार्ये होत. मेणबत्ती कशी जळेल हे मेणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वातीवर अवलंबून असते. विशेषतः बैठकीशिवाय स्वतःच्या आधाराने उभी राहणारी जाड, खांबासारखी मेणबत्ती (व्यवहारातील नाव ‘पिलर’) घरगुती रीतीने तयार करताना जे दोष राहतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ वातीच्या चुकीच्या निवडीत असते.

वातीचा कच्चा माल ज्या प्रदेशात शेतात पिकतो त्यांपैकी वऱ्हाड हा एक प्रमुख होय. बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेच्या काठचे मेहकर हे तालुक्याचे गाव याच पट्ट्यात येते. तेथील काळ्या जमिनीत कापूस पूर्वापार होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनचे पीकही मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. सोयाबीन तेलाचे हायड्रोजनीकरण करून मेणबत्तीस योग्य असे मेण बनविता येते. म्हणजे वात व मेण या दोहोंचेही मूळ द्रव्य या भागात उपलब्ध आहे. शिवाय देवापुढील वाती घरी वळण्याची कला येथील घरोघरी, महाराष्ट्रात इतरत्र आहे तशीच, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तथापि ही कला मेणबत्तीला जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. याचे कारण दोन्ही वातींच्या कार्यांतील फरकात आहे.

दिव्याची वात व मेणबत्तीची वात : समईतील वात तेलात आडवी असते. तिचे टोक जळाले की ती पुढे सारावी लागते आणि काजळी झाडावी लागते. वातीची उणीव माणसाचा हात भरून काढतो. निरांजनातील फुलवात उभी असते आणि तिचे इंधन म्हणजे तूप थंडीत थिजते. त्यामुळे निरांजन हे मेणबत्तीस अधिक जवळचे आहे. परंतु निरांजनात तुपाला धरून ठेवणारे धातूचे पात्र असते. जाड मेणबत्तीत असे पात्र नसते. ती एकाच वेळी इंधन व पात्र असते. वातीने मधले मेण वितळवावयाचे, पण कडेची भिंत शाबूत ठेवावयाची असते. हाताने वळलेली सैल वात अशा मेणबत्तीत घातल्यास ती प्रथम मोठ्या ज्योतीने धुरकट जळते व पुढे मऊ पडून वितळलेल्या मेणात कोलमडते. एका वातीस जे काम माणूस करून देतो ते दुसरीस आपल्या विणीच्या बळावर करावे लागते.

ऐतिहासिक आढावा : यूरोपात चरबीच्या व मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्यांत पूर्वी केवळ पीळ दिलेल्या सुताची वात वापरीत. ती ज्योतीच्या मध्यभागी सरळ उभी राही. तेथे ऑक्सिजन पोहोचत नसल्याने तिचे टोक जळून न जाता कोळशासारखे साचे आणि ते वारंवार कात्रीने छाटावे लागे. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी तीन पेडांची वेणीसारखी विणलेली वात प्रचारात आणली. विणीतील ताणामुळे ही वात जळताना एका बाजूस वाकते. तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन तेथील ऑक्सिजनामुळे पूर्णपणे जळून जाते. याच सुमारास शेव्हरल यांच्या चरबीवरील संशोधनातून स्टिअरिक अम्लाच्या कठीण मेणबत्त्या शक्य झाल्या आणि १८५० नंतर पॅराफीन मेण उपलब्ध झाले. भारतात आसाममधील दिग्बोई येथे १९०१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला व पॅराफीन मेण देशातच मिळू लागले. मायकेल फॅराडे यांनी १८६०–६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरील व्याख्याने प्रसिद्ध आहेत.

कार्यपद्धती : मेण घन वा द्रव स्थितीत जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळून खळगा तयार होतो. सुतांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून द्रव मेण केशाकर्षणाने वर चढते, वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते व ती हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून जळते. या उष्णतेने आणखी मेण वितळते. वात जितके मेण वर नेते तितकेच ज्योतीने वितळविले, तर मेणबत्ती समतोल जळते. वात जाड असल्यास वाफ अधिक होते, तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि न जळलेला कार्बन काजळीच्या रूपाने बाहेर पडतो. वात बारीक असल्यास ज्योत लहान राहते, मेण पुरेसे दूरवर वितळत नाही व शेवटी वात स्वतःच्याच मेणात बुडून विझते.

या समतोलाचे आर्थिक महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ७.५ सेंमी. व्यासाच्या व १५ सेंमी. उंचीच्या मेणबत्तीत सु. ६०० ग्रॅ. मेण असते. ताशी ६ ग्रॅ. मेण जळत असल्यास ती सु. १०० तास चालावी. परंतु बारीक वातीमुळे खळगा केवळ ४ सेंमी. रुंदीचा झाला, तर ज्योत विहिरीसारखी सरळ खाली जाते आणि सु. १७० ग्रॅ. मेणच उपयोगात येते. उरलेले ४३० ग्रॅ., म्हणजे सत्तर टक्क्यांहून अधिक मेण भिंतींच्या रूपात वाया जाते. मेण हा या व्यवसायातील मुख्य खर्च असून वातीचा खर्च त्या मानाने नगण्य असतो. तरीही संपूर्ण मेणाचे मोल त्या स्वस्त दोऱ्यावर ठरते.

प्रकार : (१) चपट वेणीची वात : ही जळताना सहज वाकते व स्वतःस छाटीत जाते. पॅराफिनाच्या मेणबत्त्यांना ती सामान्यतः योग्य ठरते. तिची जाडी पेडांतील सुतांच्या संख्येने सांगतात. संख्या जितकी मोठी तितकी वात जाड. (२) चौकोनी वेणीची वात : ही अधिक गोल व ताठ असते. मधमाश्यांचे मेण घट्ट व चिकट असल्याने त्यास ही वात वापरतात. (३) गाभ्याची वात : हिच्या मध्यभागी कागद, सूत किंवा जस्ताची तार असते. ती पेल्यात वा डब्यात ओतलेल्या मेणबत्तीत, जेथे सर्व मेण द्रव होते तेथे, वात उभी ठेवण्यासाठी वापरतात. खांबासारख्या मेणबत्तीस तिची सहसा गरज नसते.

निवड : वात निवडताना तीन गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो : मेणबत्तीचा व्यास, मेणाचा प्रकार आणि मेणात मिसळलेली द्रव्ये. व्यास वाढला की वात जाड हवी. उंचीचा मात्र वातीच्या जाडीशी संबंध नसतो. व्यास १० सेंमी.पेक्षा बराच अधिक असल्यास एका जाड वातीऐवजी ठराविक अंतरावर दोन वा तीन मध्यम वाती घालणे इष्ट असते. मेणांपैकी पॅराफिनाचा वितळबिंदू प्रकारानुसार सु. ४६° ते ६८° से., तर मधमाश्यांच्या मेणाचा सु. ६२° ते ६४° से. असतो. वितळबिंदू जास्त असलेल्या व द्रवरूपात घट्ट राहणाऱ्या मेणास त्याच व्यासासाठी अधिक जाड वात लागते. सोयाबीनचे मेण लवकर वितळत असले, तरी ते वातीतून सावकाश चढते. म्हणून त्यासही पॅराफिनापेक्षा मोठी वात द्यावी लागते. हे मेण मऊ असल्याने खांबासारख्या मेणबत्तीसाठी त्यात कठीण मेण मिसळतात. रंग व सुगंधी तेल यांमुळे वातीच्या पोकळ्या बुजतात. घरगुती मेणबत्तीत शाळेतील मेणखडू वितळवून घालण्याची पद्धत रूढ आहे. परंतु त्यांतील रंगकण मेणात विरघळत नसल्याने ते वातीत अडकतात व चांगली ज्योतही काही वेळाने मंदावते. मेणात विरघळणारा रंगच वापरणे योग्य.

चाचणी : कोष्टकावरून वातीचा केवळ अंदाज करता येतो, निर्णय प्रत्यक्ष जाळूनच घ्यावा लागतो. एकाच साच्यात, एकाच मेणाच्या तीन मेणबत्त्या ओतून त्यांत अंदाजाची, तिच्याहून एक क्रमांक लहान व एक क्रमांक मोठी अशा वाती घालतात. मेणबत्त्या किमान एक दिवस ठेवून, वातीचे टोक सु. ६ मिमी. राखून, वारा नसलेल्या जागी पेटवितात. फिरत्या पंख्याखाली केलेली चाचणी निरुपयोगी होय. कारण वाऱ्याने ज्योत कलून एक बाजू आधी वितळते. व्यासाच्या दर २.५ सेंमी.ला सु. एक तास या हिशोबाने, ७.५ सेंमी. व्यासाच्या मेणबत्तीचा खळगा तीन तासांत कडेपासून सु. ६ ते १० मिमी. अंतरापर्यंत पोहोचावा. तो त्याआधीच थांबल्यास वात बारीक होय. भिंत फुटून मेण ओघळल्यास, ज्योत उंच होऊन फडफडल्यास, धूर आल्यास किंवा वातीच्या टोकावर काजळीचा गोळा धरल्यास वात जाड होय. मेणबत्ती विझवून, थंड करून, वात छाटून हीच कृती ती संपेपर्यंत पुनःपुन्हा करतात. कारण वरच्या भागात योग्य वाटलेली वात खोल खळग्यात ऑक्सिजन कमी पडल्याने अपुरी ठरू शकते.

संस्करण : कच्च्या कापसात नैसर्गिक मेणद्रव्ये व खनिजे असतात. खनिजांची राख वातीत साचून मेणाचा मार्ग अडविते. म्हणून सूत क्षारात उकळून स्वच्छ धुतात. त्यानंतर वात बोरिक अम्ल, टाकणखार किंवा अमोनियमची लवणे यांच्या विद्रावात भिजवून पूर्ण वाळवितात. या संस्कारामुळे वात बेताने जळते, तिची राख साचत नाही आणि ज्योत विझल्यावर टोक धुमसत राहत नाही. अखेरीस वातीला मेण पाजतात, म्हणजे ती द्रव मेणात बुडे येणे थांबेपर्यंत बुडवून सरळ ताणून थंड करतात. वातीत पाण्याचा अंश राहिल्यास मेणबत्ती तडतडते.

स्थानिक परिस्थिती : वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. कमी वितळबिंदूच्या मेणाची उंच मेणबत्ती अशा हवेत मऊ पडून वाकते आणि मधली वातही तिरपी होते. म्हणून अधिक वितळबिंदूचे पॅराफीन घेऊन त्यात सु. १० टक्के स्टिअरिक अम्ल मिसळणे हितावह असते. मिश्रण बदलल्यास वातीची चाचणी नव्याने करावी लागते. हिवाळ्यात निवडलेली वात उन्हाळ्यातील मिश्रणास लागू पडेलच असे नाही.

सुरक्षितता : मेण प्रत्यक्ष विस्तवावर न ठेवता पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेणाने पेट घेतल्यास त्यावर पाणी टाकू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन जळते मेण उसळते. भांड्यावर झाकण घालून आग विझवावी. जाड वातीची उंच ज्योत पडदे, कागद इत्यादींना आग लावू शकते. त्यामुळे विक्रीच्या मेणबत्तीत वातीची चाचणी ही केवळ दर्जाची बाब नसून जबाबदारीची बाब ठरते. काही वातींच्या गाभ्यात पूर्वी शिशाची तार घालीत. ती जळताना शिशाचे कण हवेत मिसळून विशेषतः लहान मुलांना अपाय होण्याचा धोका असल्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घालण्यात आली. तारेचे उघडे टोक पांढऱ्या कागदावर घासले असता करडी रेघ उमटल्यास त्यात शिसे असण्याचा संभव असतो. अशी वात वापरू नये.

मेणबत्ती बनविण्यास भांडवल थोडे लागते व यंत्रांची गरज नसते. त्यामुळे महिलांचे बचत गट आणि अपंगांच्या संस्था यांना हा व्यवसाय सोयीचा ठरला आहे. महाबळेश्वर येथे भावेश भाटिया या अंध उद्योजकाने १९९४ मध्ये सुरू केलेल्या मेणबत्तीउद्योगात पुढे अनेक अंध व्यक्तींना रोजगार मिळाला. मेहकरसारख्या गावी असा व्यवसाय उभारताना साचे व सुगंध यांच्या आधी वातीची वही ठेवणे उपयुक्त असते. कोणत्या मेणास, किती व्यासास व कोणत्या मिश्रणास कोणती वात लागू पडली याची नोंद एकदा झाली, म्हणजे पुढील प्रत्येक ओतकामात मेणाची नासाडी टळते.