ऑक्सिजन, इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्यांचे गणित

उन्हाळ्याच्या दुपारी वीज जाते. इतर घरांत पंखा बंद पडतो. ज्या घरात फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा रुग्ण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतो, तिथे मात्र सगळ्यांची नजर इन्व्हर्टरकडे जाते. एका बॅटरीवर भागत नाही, म्हणून दुसरी आणली जाते. इलेक्ट्रिशियन विचारतो, ‘सिरीज की पॅरलल?’ शाळेत शिकलेली एकसर आणि समांतर जोडणी त्या वेळी कुणालाच आठवत नाही.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या डोळ्यांपुढे आणा. एक टाकी दुसरीच्या वर चढवून जोडली, तर खालच्या नळाला पाण्याचा दाब वाढतो. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून जोडल्या, तर दाब तेवढाच राहतो. पाणी मात्र जास्त वेळ पुरते. विजेचा दाब म्हणजे व्होल्ट आणि प्रवाह म्हणजे अँपिअर. एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडले की एकसर जोडणी होते आणि व्होल्टची बेरीज होते. रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात दीड व्होल्टचे चार सेल असेच एकामागे एक बसतात आणि 6 व्होल्ट मिळतात. धन टोकाला धन आणि ऋणाला ऋण जोडले की ती समांतर जोडणी. यात व्होल्ट तेवढेच राहतात, साठवणक्षमता वाढते.

आता इन्व्हर्टरकडे वळू. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या तर 24 व्होल्ट, 150 अँपिअर-तास मिळतात. समांतर जोडल्या तर 12 व्होल्ट, 300 अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार 3600 वॉट-तास! ‘सिरीजमध्ये जास्त बॅकअप मिळतो’ हा समज त्यामुळे खरा नाही. कॉन्सन्ट्रेटर 360 वॉटचा धरला, तर कागदावर 10 तास मिळतात. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज आणि बॅटरीचे वय धरता प्रत्यक्षात ते बरेच कमी भरतात.

फरक पडतो तो प्रवाहात. तेवढ्याच 360 वॉटसाठी 12 व्होल्टवर 30 अँपिअर लागतात, 24 व्होल्टवर 15. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेतली उष्णता एक चतुर्थांश होते. मोठे इन्व्हर्टर 24 किंवा 48 व्होल्टचे असतात ते यामुळेच. पण निवड आपल्या हातात नसते. इन्व्हर्टरवर जे व्होल्ट लिहिले आहेत, तेच त्याला द्यावे लागतात. 12 व्होल्टच्या इन्व्हर्टरला 24 दिले तर तो जळू शकतो आणि ऐन गरजेला रुग्णाचा ऑक्सिजन थांबतो.

जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडण्याची काटकसरही महागात पडते. एकसर जोडणीत दमलेली बॅटरी आधी रिकामी होते आणि साऱ्या साखळीला मागे ओढते. समांतर जोडणीत चांगली बॅटरी आपली वीज दुबळीला पाजत बसते. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या बॅटऱ्या घ्याव्यात.

कोरड्या त्वचेला 12 किंवा 24 व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून लोक बॅटरीजवळ बेफिकीर वावरतात. पण दोन टोकांमध्ये पाना किंवा बोटातली अंगठी अडकली, तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. अंगठी तापून बोट खोलवर भाजते. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज तर 230 व्होल्टची, म्हणजे जीवघेणीच असते. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो. म्हणून बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. रुग्णाच्या खोलीत, ऑक्सिजनजवळ तर नकोच. ॲसिड डोळ्यांत उडाले तर किमान 15 ते 20 मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत आणि लगेच रुग्णालय गाठावे.

बॅटऱ्या बसवल्यावर एकदा मेन स्विच बंद करून कॉन्सन्ट्रेटर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून पाहावे. ही चाचणी दिवसा, घरात माणसे असताना आणि भरलेला सिलिंडर हाताशी ठेवूनच करावी. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर लागत असतील तर तो साधारण 12 तास पुरतो. तो कसा उघडायचा, हे घरातल्या किमान दोघांना यायला हवे. रात्री दोनला वीज गेली, तर तेव्हा इलेक्ट्रिशियन येणार नसतो.