मध्यबिंदू : सूत्राआधी 'मधोमध' समजू द्या



मध्यबिंदूचे सूत्र दहावीच्या गणित भाग २ मध्ये, निर्देशक भूमितीत येते. मुलं ते पाठ करतात, पण सोडवताना बरीच जण बेरजेच्या जागी वजाबाकी करतात. शेजारीच अंतराचे सूत्र असते आणि त्यात वजाबाकी असते, म्हणून हा गोंधळ होतो. यावर उपाय म्हणजे प्राथमिक वर्गातली आपली संख्यारेषा.

मुलांना विचारा : रस्त्यावर ३ किमी आणि ११ किमी असे दोन दगड आहेत. बरोबर मधला दगड कितवा?

वजाबाकी केली तर ११ − ३ = ८, त्याचे निम्मे ४. पण ४ किमीचा दगड तर ३ च्या अगदी जवळ आहे! म्हणजे ४ हे ठिकाण नाही, ३ पासून पुढे चालायचे अंतर आहे. ३ + ४ = ७. आता थेट सरासरी काढा : (३ + ११) ÷ २ = ७. उत्तर तेच. मधोमध म्हणजे सरासरी, एवढंच मुलांच्या मनात बसवायचं आहे.

आलेख कागदावर हेच काम दोनदा करायचे, एकदा आडवे आणि एकदा उभे.

उदा. अ (−४, ५) आणि ब (६, −१)

एक्स निर्देशक : (−४ + ६) ÷ २ = १
वाय निर्देशक : (५ + (−१)) ÷ २ = २

मध्यबिंदू म (१, २).

इथे थांबू नका, पडताळा घ्यायला लावा. अ पासून म पर्यंत ५ घरे उजवीकडे, ३ घरे खाली. म पासून ब पर्यंतही तेवढेच. चिन्ह चुकलं असेल तर मुलाला ते इथे स्वतःच दिसतं.

घरी करण्यासारखी कृती : आलेख कागदावर रेख अब काढा. अ वर ब येईल असा कागद दुमडा. घडी रेषाखंडाला जिथे छेदते, तोच मध्यबिंदू.

हे जमलं की उलटा प्रश्न द्या : वर्तुळकेंद्र (१, २), व्यासाचे एक टोक (−४, ५), तर दुसरे टोक कोणते? ज्याला पावले समजली, तो सूत्र न लिहिताही (६, −१) सांगेल. विचारून बघा.